अंगाऱ्याची चाचणी

पनवेल, मार्च २०१४

सोनाबाय,
तुझ्या जीवनचा नमस्कार.

मोरा बंदराहून गावदेवीचा अंगारा पाठवून तू फोनवर म्हणालीस, "यंत्राला लाव रं, मंगच वर धाड. इसरशील नाय ना?" विसरलो नाही. पण हे यंत्र अवकाशात जाऊन धूमकेतूवरची धूळ ओळखणार आहे. त्याला इथली चिमूटभर राख लागली, तर पुढची सगळी मोजणी खोटी ठरेल.

माझ्यासोबत काम करणाऱ्या कादंबरीला विचारलं, तर ती हसली. "सर, मग धूमकेतूवर शेणाच्या गोवऱ्या सापडल्याची बातमी येईल!"

तरी पुडी टाकवेना. चाचण्यांसाठी आमच्याकडे तसंच दुसरं यंत्र आहे, ते जमिनीवरच राहतं. माहीत असलेली धूळ ते अचूक ओळखत होतं. न सांगता दिलेली ओळखेल का, हे पाहायचं होतं. कादंबरीला बाहेर पाठवून मी त्यात अंगारा ठेवला. लेसरचा झोत पडताच राखेची वाफ झाली आणि तिचे कण नळीतून धावले, हलके आधी, जड मागून. त्या वेळांवरून पडद्यावर मूलद्रव्यांची नावं उमटली.

कादंबरी आत येऊन म्हणाली, "राख आहे हे कळलं. पण सर, यात एवढं मीठ कुठून आलं?"

मी चकित झालो. मग तुझे हात आठवले.

वर जाणारं यंत्र कोरंच जाईल. तुला 'लावला' असं खोटं सांगवत नाही, 'नाही' म्हणायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. भेटलीस की एवढंच विचारीन: पुडी बांधलीस तेव्हा मासळीला मीठ लावत होतीस का?

तुझा धाकटा भाऊ,
जीवन