घट्ट खोचलेली चादर

४ मार्च, सकाळी
आधी सगळ्यांची खुशाली. ही कशी आहे? गुडघे कुरकुरतात, तोंड ठणठणीत. पुतणी? नर्सिंगच्या अभ्यासाने वाळलीय, आज हॉस्टेलवर परत जाते. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ? गच्चीवरून पडला त्याला चार महिने झाले. छातीखाली काही कळत नाही, बाकी उत्तम. मी? मला काय धाड भरलीय!
संकल्प : पोरगी परीक्षा देऊन येईपर्यंत धाकट्याला पायावर उभा करणे.

४ मार्च, दुपारी
निघताना तिने माझी शिकवणी घेतली. बाबांचं डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, घाम फुटला, तर आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे अडलीय ते बघा, अॅम्ब्युलन्स बोलवा. लिहून घ्या म्हणाली. म्हटलं, डोक्यात बसलं.

७ मार्च
उजवा पाय हलला! लगेच फोन. ती म्हणाली, काका, तो झटका आहे. मज्जारज्जू तुटलाय, खालचा तुकडा आपल्याच तंद्रीत पाय उडवतो. मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही. म्हटलं, बाई गं, चाळीस वर्षं शिवणकाम केलं, तुटलेला दोरा पुन्हा ओवता येतो. म्हणाली, हा नाही येत.
हल्लीची मुलं निराशावादी.
धाकटा म्हणाला, दादा, पाय माझे आणि नाचतोयस तू.

१० मार्च
पोरीचं घरी राहिलेलं नर्सिंगचं पुस्तक वाचायला घेतलं. इंग्रजी आहे, पण चित्रं बरी. चित्रांवरून निम्मं कळलं, उरलेलं अनुभवाने. एका पानावर ताठ बसवलेला माणूस, नळीवर लाल बाण. बहुधा पलंगाची जाहिरात.
दर दोन तासांनी कूस बदलणे चालू. दुपारची एक पाळी चुकली. तो झोपला होता. मीही.

१३ मार्च, सकाळी
सुरकुतीवर पाठ घासून जखम होते. तेही चित्र आहे. हिने घातलेली चादर म्हणजे चुरगळलेला कागद. आजपासून चादर माझ्याकडे! चारही कडा गादीखाली अशा खोचल्या की वर चवलीचं नाणं टाकलं तर उडावं. नळीसुद्धा आत झाकली, उगाच लोंबायला नको. धाकटा म्हणाला, दादा, माझं पार्सल केलंस, आता पत्ता लिही.

दुपारी
लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. पाणी अंगी लागतंय! ही म्हणाली, असं कसं हो? म्हटलं, तू तुझे गुडघे सांभाळ.

चार वाजता
दोन्ही पाय! दणादणा! कपाळावर घाम, मेहनतीचा. तोंडावर लाली, चार महिन्यांत पहिल्यांदा. डोकं फुटतंय म्हणाला. फुटणारच, मेंदू इतक्या दिवसांनी कामाला लागला. उशी काढून सपाट निजवलं, बाम चोळला. पोरीने काहीतरी चार गोष्टी सांगितल्या होत्या. कपडे सैल करायची आठवली, सदऱ्याची बटणं सोडली. दादा, नळी बघ, असं काहीसं पुटपुटला. नळी छान झाकलेली आहे.
पोरीला उद्या कळवू. तिलाही सुखद धक्का.

१६ मार्च. हॉस्पिटलचं बाकडं.
मूत्राशय तुंबलं, त्याने रक्तदाब भडकला, मेंदूत रक्तस्राव झाला. असं डॉक्टर म्हणाले. नर्सने विचारलं, नळी दुमडली कशी? ही माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अॅम्ब्युलन्समध्ये दुमडली असेल.
तसंच असेल.

२ एप्रिल
धाकट्याला घरी आणलं. उजवा हात गेला, वाचाही. पोरीची परीक्षा बुडाली. आली, मी खोचलेली चादर सोडवली, सैल घातली, नळी वरून घेतली. मग एकेक गोष्ट समजावली. मला नाही, हिला. मी दारात उभा होतो.

१९ एप्रिल
पोरगी हॉस्टेलवर परत गेल्यापासून पत्र नाही, फोन उचलत नाही. तिला पाठवायच्या पत्राचं कच्चं इथेच लिहितो.
बाळ, जेवतेस ना? काकूचे गुडघे तसेच. चादर आता तीच घालते, सुरकुत्या असतात, मी हात लावत नाही. बाबा दाराकडे बघत असतात. पाय अजून हलतात. मी आता नाचत नाही. तुझं पुस्तक पाठवतोय. त्यात ताठ बसवलेल्या माणसाचं चित्र आहे, नळीवर बाण आहे. त्याखाली काय छापलंय ते मला वाचता येत नाही. लवकर लिहून कळव.