तीन की अडीच

६ फेब्रुवारी

ऑपरेशनला बायको आजही नाही म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय — तिच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी, माझी एक जुळते, शनिवारपर्यंत होकार कळवा. तिचं एकच, दगडाला गुण आहे, थोडं थांबू.

दगड म्हणजे गेल्या महिन्यात समुद्रावर तिच्या पायाला लागलेला. हिरवा, गुळगुळीत, झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा. मेहुणीने फोनवर कुठेतरी वाचलं — हा जेड असणार, किडनीच्या दुखण्यावर चालतो. झालं! तेव्हापासून फडक्यात गुंडाळून कमरेला. पायांची सूज आहे तशीच.

खोटा ठरला तर मुकाट येईल. एवढीच आशा.

७ फेब्रुवारी

शाळेतल्या सायन्सच्या मॅडमना विचारलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण समजावतात छान. जेड पाण्याच्या साधारण तिप्पट भरतो, काच अडीचपट. आधी सुईने ओरखडून बघा, ओरखडा उठला तर जेड नाही, म्हणाल्या. "आणि काका, तराजू तुमचाच. मला कशाला विचारता?"

खरं आहे. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत मुलांसाठी तराजू मांडतोय. स्वतः कधी काही तोललं नाही.

क्लार्क ऐकत होता. म्हणाला, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर आता खडे पारखायला लागलात होय!

दगड मागितला तर तिने लगेच कमरेचा सोडून दिला. मला वाटलं होतं, रुसेल. उलट म्हणाली, "नीट बघा हं. अंदाजाने सांगू नका."

८ फेब्रुवारी

सुई दाबून ओढली. करडी रेघ उठली! इतका हलका झालो की तिथेच देवाचं नाव घेतलं. मग मॅडमनी ओला अंगठा फिरवला. रेघ गेली. झिजली होती ती सुई.

आता पाण्यातलं वजन तेवढं राहिलं.

९ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर एकटाच थांबलो. कोरडा — पंचाहत्तर ग्रॅम. दोऱ्याने पाण्यात सोडला — पंचेचाळीस. घट तीस. पंचाहत्तर भागिले तीस. अडीच!

काच.

वहीत लिहिलंसुद्धा. पेन खिशाला लावता लावता दिसलं — दोरा सैल. दगड तळाला टेकलेला, म्हणून वजन कमी भरलेलं. दरवर्षी चारदोन मुलं हीच चूक करतात आणि मीच त्यांना मागून सांगतो, बाळा, दोरा आखूड कर.

बघायला कोणी नव्हतं. वही मिटून घरी जाता आलं असतं. लिहिलेलं खोडलं.

दोरा आखूड केला. पन्नास. घट पंचवीस.

तीन.

१० फेब्रुवारी

पहाटे पोथी उघडली, एक ओळ धड वाचली नाही. आजवर देवाकडे कधी काही खोटं निघू दे म्हणून मागितलं नव्हतं. ते मागितलं, तेही मिळालं नाही. आता उरलं फक्त माझं तोंड. अडीच म्हणायला किती वेळ लागतो? तिचा जीव वाचतो. पाप लागलं तर मला लागेल.

दिवसभर चुकीच्या कपाटात बाटल्या ठेवत होतो. दुपारी ॲसिडची बाटली हातातून सुटता सुटता राहिली. मॅडमनी घरी पाठवलं.

ती दारातच उभी होती. काय निघालं, विचारलं. अडीच म्हणायचं ठरवून आलो होतो.

"जेड आहे," म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले. चेहरा असा उजळला की मला बघवेना. चप्पल घालून बाहेर पडलो, नाक्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. स्वतःच्या हाताने तिला घालवली. खरं बोलण्याचा एवढा माज कशाला!

११ फेब्रुवारी, सकाळ

अंघोळ करून आलो तर दगड घेऊन उभी. नवं फडकं, नवी नाडी. सदरा वर धरा म्हणाली. माझ्या कमरेला बांधला, दोनदा गाठ मारली.

"तुमची किडनी आता एकच राहणार," म्हणाली. "तिला राखण खरी हवी होती. चला, डॉक्टरीणबाई वाट बघत असतील."