शंखामागची चिठ्ठी

प्रिय लेनोरा,

चमच्यांनी भरलेला खण कुणीतरी सावकाश ओढत न्यावा, तसा तो आवाज होता. अठ्ठावन्न वर्षं झाली. वादळ येण्याआधी वाऱ्यानं आपल्या बेटापुढचं पाणी लोटून नेलं होतं आणि त्या पाण्याबरोबर हजारो शंख-शिंपले खडखडत खोल चालले होते. आज सकाळी दहाला तोच आवाज पुन्हा ऐकला आणि लिहायला बसलो. आता साडेबारा झालेत. बेटावरून पलीकडे नेणारा पूल वादळामुळे दोनला बंद होणार आहे.

शेजारचा गस गाडी भरून निघाला तेव्हा कुंपणावरून ओरडला, "मास्तर, प्रेमपत्र पलीकडे पोचून लिहा. इथं थांबलात तर ते मासेच वाचतील." एकच पान राहिलंय म्हटलं, तर म्हणतो, "तुमचं एक पान म्हणजे आमची अख्खी वही." त्याची बायको पर्ल कठड्यावर माशाचं सँडविच ठेवून गेली, ते तसंच पडलंय. मी वेडेपणा करत नाहीये. माझी गाडीही दारात उभी आहे. पण हे आज इथं बसून लिहिलं नाही, तर पलीकडे पोचल्यावर मी ते कधीच लिहिणार नाही. मी स्वतःला पुरता ओळखतो.

खिडकीतून दिसतं तिथं समुद्र नाही. तपकिरी ओली जमीन आहे, मैलभर. मघाशी एक पाहुणं जोडपं बादल्या घेऊन तिच्यावर उतरलं. मी ओट्यावर जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडलो. बाई हसून म्हणाली, "आजोबा, पाचच मिनिटं." मी ओरडतच राहिलो, शिव्यासुद्धा घातल्या, मुलांना शिकवताना ज्या कधी तोंडातून निघाल्या नाहीत त्या. शेवटी ते परतले. माझ्याकडे एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

त्यांना दोष तरी काय देऊ? आपण बेटावरची माणसं जन्मभर वाकूनच चाललो. तुझी आई चर्चला निघालेलीही वाटेत दोनदा वाकायची आणि हातमोज्यात ओले शिंपले घेऊन बाकावर बसायची. आठवतं, आपण त्यांना नावं ठेवायचो? मांजराचा पंजा, परीचा पंख, म्हातारीचा दात. ड्यूई म्हणायचा, शाळेतल्या कवितेची तिसरी ओळ मला आठवत नाही, पण शिंपला एकदा पाहिला की विसरत नाही. बारा वर्षांचा होता. तुझा धाकटा भाऊ, आणि माझी शेपूट. ओल्या वाळूत एखादा शंख चमकला की त्याचा श्वास अडायचा. नंतर मी चाळीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, पण एकाही ओळीवर कुणाचा श्वास तसा अडलेला पाहिला नाही.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी आलं. ड्यूईच्या फोटोभोवती तू शिंपल्यांची जी चौकट केली होतीस, ती शंखांच्या संग्रहालयाला देणार आहेस, आणि तिथल्या बाईंनी मधल्या जुनोनियाबद्दल विचारलंय. सायीच्या रंगाचा, तपकिरी ठिपक्यांच्या ओळींचा तो शंख. आपल्या बेटावर तो ज्याला सापडतो, त्याचा फोटो अजून पेपरात येतो. मागच्या चिठ्ठीवरचं अक्षर तुझंच ना, खात्री करून कळव, असं तू लिहिलंस. अक्षर माझंच आहे. कुठे, केव्हा, कुणाला, हे लिहिलेली चिठ्ठी नसेल तर शंख म्हणजे नुसती शोभेची वस्तू, हे तुझ्या वडिलांनीच आपल्याला शिकवलं. चिठ्ठी खोटी असेल तर काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तसं कुणी करेल हे त्यांच्या मनातच आलं नसणार.

वादळाच्या त्या दिवसाबद्दल मी सगळ्यांना सांगितलं की मी चर्चमध्ये होतो आणि खिडकीतून ड्यूईला एकट्याला जाताना पाहिलं. तुझे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, "एकटा गेला गाढव, एकानंही अडवलं नाही." लेनोरा, तो एकटा नव्हता. चल म्हणणारा मी होतो. पाणी ओसरलेल्या वाळूवर आम्ही बरोबर गेलो, आणि जुनोनिया त्याला दिसला, मला नाही. त्याचा खिसा फाटका होता म्हणून त्यानं तो माझ्याकडे दिला. म्हणाला, "हा तुझा. लेनोरासाठी आणखी एक शोधतो." आणि तो पुढे धावला. मला दूर परत येणाऱ्या पाण्याची पांढरी रेघ दिसली. मी हाक मारली, पण पुटपुटल्यासारखी, आणि मग पाठ फिरवून पळालो. मागे वळून पाहिलं नाही. पंधरा वर्षांचा होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आता सांगत नाही.

तो शंख मला घरात ठेवता येईना. तोवर तुम्ही बेट सोडून पलीकडे राहायला गेला होतात; पुढच्या वसंतात तिथं येऊन मी तो तुला दिला, वर चिठ्ठी: दीपस्तंभाजवळ, एप्रिल, ऑर्विल. तू तो त्याच्या फोटोशेजारी बसवलास. नंतर लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मी मागे का सरलो, हे तू दोनदा विचारलंस, आणि मी संसारातला माणूस नाही असं काहीतरी कवितेसारखं बोललो. ती चौकट टांगलेल्या भिंतीसमोर बसून मला रोज जेवता आलं नसतं, एवढंच खरं होतं.

संग्रहालयाचं कार्ड छापलं जाण्याआधी तुला हे कळायला हवं. पाणी परत आलं आणि मी सुटलो नाही, तरी हे पत्र पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकच्या डब्यात आणि डबा गाडीत असेल. जुनी चिठ्ठी फाड आणि ही लाव. ठिकाण: दक्षिणेची वाळू, पाणी ओसरलेलं असताना. दिवस: वादळाचा. सापडला: ड्यूईला. बरोबर होता: ऑर्विल. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. एका मुलाचं नाव मी चोरलं होतं, ते त्याला परत द्यायचं आहे.

तुझाच,
ऑर्विल

ता. क. दार वाजतंय. गस परत आला असेल म्हणून खिडकीतून डोकावलो. पायरीवर तू आहेस. ड्यूईला समुद्रानं नेल्यावर बेट सोडलेली आणि पुन्हा इथं पाऊल न टाकलेली तू, अंगावर रेनकोट, मागे गाडी चालूच. "ऑर्विल, दीड वाजलाय. तू निघणार नाहीस हे मला ठाऊक होतं. उघड दार." पाकिटावर तुझा पत्ता अर्धा लिहून झालाय. आता पाकीट लागणार नाही.