आगाऊ अंगठा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच). प्रकृती विचारत नाही. विचारली की तू "ठीक" म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस.

पत्रास कारण, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. डोक्यावर उरलेल्या मोजक्या केसांचा मी कष्टाने पाडलेला भांग तुझ्या मुलीने भर वर्गात मोडला. औषधांना दाद न देणाऱ्या उदासीवर डोक्याला बाहेरून चकती लावून चुंबकाचे ठोके कसे द्यायचे, हे ती हल्ली डॉक्टरांना शिकवते. (भूल नाही, टाके नाहीत; कवटीवर सुतारपक्षी भाड्याने राहायला आल्यासारखं वाटतं, एवढंच.) सरावाला डोकं हवं होतं. "काका, तुझं रिकामंच असतं ना?" म्हणाली, आणि घट्ट टोपी चढवून मला खुर्चीत बसवलं.

शिकणाऱ्यांत एक विभागप्रमुख होते. वयाने माझ्याएवढे, तोऱ्याने दुप्पट. ठोका नेमक्या जागी पडला की समोरच्याचा अंगठा आपोआप उडतो, आणि त्यावरून जोर किती ठेवायचा ते ठरतं. साहेबांना जागा काही सापडेना. घामाघूम झाले, बाकीचे उगाच खोकू लागले. पुतणीचा विद्यार्थी नापास म्हणजे आपल्याच घराची नाचक्की! पुढचा ठोका वाजताच मी अंगठा झोकात उडवला. साहेब खुलले. त्यांनी यंत्राकडे वळून जोर कमी केला, तरी मी उडवला. आणखी कमी केला, मी आणखी उंच उडवला.

"काका," मागून तुझी लेक शांतपणे म्हणाली, "चकती केव्हाची माझ्या हातात आहे. हवेत."

वर्ग फिदीफिदी हसला. तिने आवाज न चढवता सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका. पेशंटही हेच करतात. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून बरं असल्याचं दाखवतात. ते ओळखायला शिका." मग साहेबांना माझं डोकं पहिल्यापासून मोजून जागा शोधायला लावली. या खेपेला अंगठा असा उडाला की मीच दचकलो. साहेब तिला "थँक यू, मॅडम" म्हणाले तेव्हा माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनी म्हणते, तू खोलीबाहेर येत नाहीस, गोळ्याही बदलून झाल्या. हे विचारायला तुझी लेक घाबरते, म्हणून मी विचारतो: येशील? ती स्वतः हात लावणार नाही. साहेब तपासतील, योग्य वाटलं तर तेच उपचार करतील. (जागा सापडते आता त्यांना.)

ता. क. २ माझ्या परीक्षांना तू शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभा असायचास. मला दिसत नाही असं तुला वाटायचं. साहेबांच्या खोलीबाहेर एक बाक आहे. मी तिथे असेन.