घडासारखी अलगद

आबा,

पाया पडते. शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून पत्र. मी इथे हरियाणात मजेत आहे. पोळ्यांवर तूप असतं, फक्त मिरची कुणाला कळत नाही.

काल सरावात समोरची मुलगी उडी मारून बुक्की मारायला आली. आमच्या या खेळात बुक्कीही चालते आणि कुस्तीही; अशा वेळी मागे न सरता बुक्कीखाली शिरायचं, कंबर धरायची आणि उचलून आपटायचं. मी शिरले, खांद्यावर घेतली आणि केळीच्या घडासारखी अलगद खाली ठेवली. डाग पडायला नको ना! सगळे हसले. सर ओरडले, "पटकना था, बेटी!" आपल्या बागेतली सवय त्यांना कशी सांगणार? मीही हसले.

परवा निवड आहे. तेव्हा आपटेनच.

असोद्याला केळी कापणी सुरू झाली का? कापलेल्या घडाखाली आता खांदा कोण देतं? तुम्ही देऊ नका, तुमचा खांदा दुखतो.

आईला सांगा, माझं वजन वाढलंय.

आणि आबा, खाली ठेवल्यावरही त्या मुलीचे हात थोडा वेळ माझ्या गळ्यात तसेच होते. इथे आल्यापासून मला कुणी इतकं जवळ धरलं नव्हतं. मीच सोडलं नाही तिला.

एवढं आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
कामिनी