हू, विच अन् रजतची याडी

प्रिय उज्ज्वला,

प्रिय लिहा लागते, म्हणून लिहिलं. तू समोर असती तर आधी दोन शब्द सुनावले असते. फोनवर तू रडते अन् मी ओरडते, म्हणून हे पत्र तिळाच्या लाडवांच्या डब्यात ठेवून तुह्या सासऱ्याच्या हाती यवतमाळले पाठवून राह्यली. लाडू मंग खा, आधी वाच.

तुहा नवरा इंद्रजीत सांगत होता, तू सोमवारचा भरतीचा पेपर न देताच घरी येते म्हणते. कारण काय, तर इंग्रजीतलं ते हू, हूम, हूज, विच जमत नाही. मले नको सांगू. भाकरी थापता थापता, मोबाइल पिठाच्या डब्याले टेकवून तू तेच प्रश्न सोडवत होती. गाळलेली जागा, चार शब्द, त्यातला एक निवडाचा. मी चौथी शिकलेली, चुलीपाशी बसून दरवेळी 'क' म्हणत होती. एकदा बरोबर आलं, तरी तू कौतुक नाही केलं. माणूस असला की हू, जनावर असलं की विच, हे तूच सांगितलं. मंग आपला सोन्या, जो माही हाक ऐकून मान वळवते, तो बैलही विचच का, म्हणून मी तुह्याशी सांजवरी बोलली नव्हती. जे मलेही पाठ झालं, ते तुले येत नाही?

खरं काय ते मले माहीत आहे. बुधवारी फोन चालू होता अन् रजत मले 'याडी' म्हणून बिलगला. आई तू, अन् हाक मले. तू रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती, बाई.

त्याच दिवशी पोराले तुमच्या लग्नाच्या फोटोसमोर बसवलं. रोज बसवते. ही कोण? जी पेपर द्याले गेली, ती तुही याडी. काल दूध उतू गेलं, तरी शिकवणी सोडली नाही. आज सकाळी त्यानं फोटोवर बोट ठेवलं अन् 'याडी' म्हणाला. मंग माह्याकडे पाहून म्हणाला, 'डोकरी.' माहे अजून केसही पिकले नाहीत, अन् मी म्हातारी आजी! सारा तांडा हासून राह्यला. तुह्यासाठी एवढं सोसलं मी. आता पेपर न देता आली, तर दारातूनच परत पाठवीन.

तुहीच सासू, अन् आजपासून रजतची डोकरी,
बिजलीबाई