तिला विचारलंस, मला नाही

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या रविवारचा माझा राग काही गेलेला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काम शिकायला मिळालं. आपल्या भिवंडीतून मी एकटीच. आकाशातून सतत येणारे कण पकडायचे, त्यासाठी केसाहून बारीक तारा चौकटीवर ओळीनं ताणायच्या. कण जवळून गेला की तारेत विजेचा बारीकसा ठोका मिळायचा. पहिल्याच आठवड्यात मी तार ओवताना तिचं टोक जिभेवर ओलं केलं. लूमच्या कांड्यांवर सूत भरताना तुटलेला धागा तू जोडायचीस, अगदी तसंच. सवयीनं हात गेला गं. थुंकीचा डाग राहिला की तिथं ठिणगी उडते, म्हणून सरांनी ती तार कापून टाकली आणि सगळ्यांदेखत विचारलं, घरी शिवणकाम करता का.

तुला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्या रविवारी प्रयोगशाळेतली माझ्या जोडीची दादरची मुलगी आपल्याकडे जेवायला आली, आणि तिनं हसत हसत सगळं ओकून टाकलं. तू पोट धरून हसलीस. मग तिच्यासमोर फतकल मारून बसलीस. कण दिसतो का, भिंतीतून कसा येतो, आपल्या अंगातून जातो तर दुखत कसं नाही... बाहेर लूम खडखडतायत, तिला ओरडून बोलावं लागतंय, आणि तू कान पुढे करून ऐकतेयस. भात मी वाढला, सुकटीचं कालवण मी वाढलं. तू ताटाकडे बघितलंसुद्धा नाहीस. माझा नुसता जळफळाट.

ती गेल्यावर मी भांडी आपटत म्हटलं, "मला कधी एवढं विचारलंस?"

तू शांतपणे म्हणालीस, "तुला काय बी विचारलं का तू बोलतेस, 'आई, तुला न्हाय कळणार.' ती पोर न्हाय बोलली तसं."

पण तुझं बरोबर होतं म्हणून जळणं थोडंच थांबतं! तू गेलीस तेव्हा ती दादरहून धावत आली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. शेजारच्या बायका तिलाच पाणी पाजत होत्या. तेव्हाही मनात आलं, ही कोण लागते तुझी?

आता मी कॉलेजात शिकवते. पोरी काहीबाही विचारतात, मी न कंटाळता सांगते. हे पत्र मात्र कुठं टाकणार, राहू दे माझ्यापाशीच. एक कबूल करते आई, तू विचारलं असतंस तर मी तुझ्यावर खेकसलेच असते. तरी विचारायचं होतंस.